तीन भोकांचा पावा

स्पेनहून परत आल्यावर तळवड्यातल्या टपरीवर सगळे एकच विचारत होते, "शेठ, मशीन किती टनी आणलं?" माझा तिथं प्रेस शॉप आहे. सहा पॉवर प्रेस, पत्र्याचे ब्रॅकेट ठोकायचे आणि माल चाकणला पाठवायचा. गेलो होतो मशीन घ्यायलाच. पण मशीन आणलं नाही. आणला तो हातभर लांबीचा लाकडी पावा, तीन भोकांचा. तो का आणला हे टपरीवर सांगता येत नव्हतं, म्हणून इथं लिहितो.

आधी माझ्या थोरल्या भावाबद्दल सांगायला हवं. दादा सनई वाजवायचा. आमचं गाव चाकणच्या पुढं, राजगुरुनगरच्या अलीकडं. देवळात सकाळ-संध्याकाळ त्याची सनई आणि लगीनसराईत आसपासच्या दहा गावांत त्याला बोलावणं. गावची अर्धी जमीन कारखान्यांत गेली तशी सनईची बोलावणीही कमी झाली. मंगल कार्यालयात पेनड्राइव्ह लावला की सनई वाजते, मग माणूस कशाला? दादा दिवसा माझ्याकडं प्रेसवर उभा राहायला लागला. तीन वर्षांपूर्वी त्या प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. सनईला दोन्ही हातांची बोटं लागतात. सनई बंद झाली, आणि माझ्याशी बोलणंही.

माझी तक्रार ही, की तो भांडला नाही. मी कफल्लक होतो, लेथवर हेल्पर म्हणून लागलो आणि भाव करत करत वर आलो. समोरचा ओरडला, शिव्या दिल्या, अवाच्या सवा मागितलं, तरी मला चालतं. त्यातून मार्ग निघतो. पण जो काही मागतच नाही त्याच्याशी काय करायचं? दवाखाना मी केला. घरी बसून पगार देतो म्हणालो. तो न बोलता गावी निघून गेला. माझ्या मुलीच्या लग्नात आला, शेवटच्या रांगेत बसला, अक्षता टाकल्या आणि जेवायला न थांबता गेला. गावात मात्र बोललं जायचं, की सख्ख्या भावानं भावाची बोटं खाल्ली. मी तीन वर्षं हेच घोकत होतो, की प्रेसचं बटण दाबलेलं राहावं म्हणून पाचर त्यानं स्वतःच्या हातानं मारली होती.

एल्गोइबार

बिलबाओच्या विमानतळावर मानसी घ्यायला आली होती. मूळची निगडीची, लग्न होऊन तिकडं स्थायिक झालेली, आणि दिवसाच्या बोलीवर दुभाष्याचं काम करणारी. पहिल्याच तासात तिनं मला बजावलं, "काका, इथं दुकानात भाव करायचा नाही हं. ब्रेडवाली बाई रडायला लागेल."

"रडली तर चांगलंच," मी म्हणालो. "रडणारा माणूस उतरतो."

एल्गोइबार हे गाव दोन डोंगरांच्या बेचक्यात, नदीकाठी अडकल्यासारखं वसलेलं आहे. खाली कारखाने, वर घरं, त्यावर थेट गवताची कुरणं. तळवड्यासारखंच यंत्रांचं गाव, पण आवाज नाही आणि रस्त्यात कुठं लोखंडाचा बुरा पडलेला नाही. इन्याकी नावाच्या सत्तरीच्या माणसाचा तिथं प्रेस शॉप होता. मुलं शिकून शहरात गेली, त्यामुळं तो शॉप मोडत होता. जमीन इतकी स्वच्छ, की मी सवयीनं चपला काढायला वाकलो. मानसी हसली. तोही हसला. सुरुवात चांगली झाली.

त्यानं दुपारी जेवायला नेलं. काळा घेवडा, घट्ट, आमच्या आमटीला लाजवील असा, आणि सोबत व्हिनेगरमधल्या हिरव्या मिरच्या. त्या तिखट नव्हत्या, तरी मिरची दिसली याचंच बरं वाटलं. सफरचंदाची आंबट दारू पिंपाच्या तोटीतून लांब धार सोडून देतात आणि ती ग्लासात झेलायची असते. मी शर्टावर झेलली. इन्याकीनं स्वतःचा रुमाल काढून दिला.

मग मशीन. ऐंशी टनी, जुनं पण ठणठणीत. चालवायला दोन बटणं, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबली तरच प्रेस खाली येतो, म्हणजे हात आत राहूच शकत नाहीत. अशी बटणं आमच्याकडंही असतात. फरक त्यानं पुढं दाखवला. एका बटणावर त्यानं लाकडाचा तुकडा अडकवून ते दाबून ठेवलं आणि दुसरं दाबलं. प्रेस हलला नाही. आत एक सर्किट होतं. दरवेळी दोन्ही बटणं सोडून पुन्हा एकत्र दाबायचीच.

मी मनात हिशेब केला. या सर्किटनं तासाचे नग कमी होणार. आणि तोंडातून सवयीनं निघून गेलं, "त्याला सांग, हे सर्किट काढून ठेव. मला नको. तेवढी किंमत कमी कर."

मानसीनं माझ्याकडं वळून पाहिलं. मग म्हणाली, "काका, खरंच सांगू?"

"सांग की. त्यासाठीच आणलंय ना तुला?"

तिनं सांगितलं. इन्याकीनं हात पुसले. कशासाठी काढायचं, असं विचारलं. मी म्हणालो, आमच्याकडची माणसं हुशार आहेत, त्यांना एवढं लागत नाही. त्यावर तो जे बोलला ते मानसीनं खाली बघत सांगितलं, "ते म्हणतात, हुशार माणसांचीच बोटं जातात. मठ्ठ माणूस दोन्ही हातांनी दाबत बसतो."

त्यानं मशीनवर ताडपत्री ओढली. विकायचं नाही, म्हणाला.

मी भडकलो. "एवढे समुद्र ओलांडून आलोय मी! सांग त्याला, असे छप्पन्न प्रेस आमच्या गल्लीत गंजत पडलेत!" आवाज पत्र्याच्या छतावर आपटून परत आला. तो ताडपत्रीची दोरी बांधत राहिला. माझ्या ओरडण्याचं भाषांतर करायची मानसीला गरजच पडली नाही.

रविवार, चौकात

दुसऱ्या दिवशी रविवार. बिलबाओला परतायची बस दुपारी होती, म्हणून चौकात बाकावर धुमसत बसलो होतो. तेवढ्यात वाद्य वाजायला लागलं. सनई नव्हे. सनईच्या आवाजाला ओल असते, हा कोरडा, उंच, पहाटेच्या पाखरासारखा. पण ठेका ऐकून मान वर झाली. पांढऱ्या कपड्यांतला एक माणूस चौकाच्या मध्यभागी मानाचा नाच नाचत होता, लाथ डोक्याच्या वर जाईल असा, आणि समोर टोपी घालून वाजवणारा होता इन्याकी.

डाव्या हातात काळा पावा. डाव्या कोपरापाशी टांगलेला छोटा ढोल. आणि उजव्या हातात काठी. उजवा हात पाव्याला लागतच नव्हता. सगळा सूर एकट्या डाव्या हाताचा होता.

मी किती वेळ तो उजवा हात बघत होतो मला माहीत नाही. नाच संपला, लोक पांगले, मी उठून त्याच्यासमोर गेलो. कालचं भांडण मी विसरलो नव्हतो. पण लाज वाटायलाही फुरसत नव्हती.

"याला भोकं किती?"

"तीन," त्यानं दाखवलं. दोन वर, एक खाली अंगठ्यासाठी. बाकीची दोन बोटं पावा धरायला.

मग मी माझ्या उजव्या हाताची मधली तीन बोटं तळव्यात मुडपली आणि हात त्याच्यापुढं धरला. त्यानं हाताकडं पाहिलं, माझ्या तोंडाकडं पाहिलं. काठी उचलली आणि स्वतःची तीन बोटं तशीच मुडपून, अंगठा आणि करंगळीत धरून, ढोलावर ठेका वाजवून दाखवला. तिरका वाजला, पण वाजला.

मानसी म्हणाली, "काका, कुणासाठी?"

"आहे एक जण," मी म्हणालो.

त्यानं मला बाकावर बसवलं आणि त्या वाद्याची कुळकथा सांगितली. त्याच्या बास्क भाषेत ते 'चिस्तू'. पूर्वेला आरागॉनच्या डोंगरात तेच 'चिफ्लो' होतं, तिथं त्याला सापाची कात गुंडाळतात. त्याच्याही पुढं कातालान लोकांत 'फ्लाबियोल', त्याला भोकं जास्त. पश्चिमेला सालामांकाकडं 'गाइता', आणि नदी ओलांडून पोर्तुगालच्या मिरांडात 'फ्राइता'. प्रत्येक ठिकाणी एक हात पाव्यावर, दुसरा ढोलावर. नावं सांगताना तो एकेक बोट मोडत होता, आणि मी ती बोटं बघत होतो.

"हा विकतोस?"

"वडिलांचा आहे."

नवा करून घ्यायचा तर कारागिराकडं काही महिने थांबावं लागतं. पण मिरांडाजवळ एक म्हातारा मेंढपाळ हातानं पावे करतो, त्यानं पत्ता लिहून दिला. जाताना मी चाचपून पाहिलं, "आणि मशीन?"

"मशीन नाही," तो म्हणाला आणि माझ्याशी हात मिळवला.

सालामांका

बसची तिकिटं वाया गेली. मानसीनं गाडी भाड्यानं घेतली आणि आम्ही पश्चिमेला निघालो. डोंगर संपले, सपाट पिवळं रान सुरू झालं, आणि दगडाच्या रंगानं सोनेरी दिसणारं सालामांका आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो तर सगळी दुकानं बंद, पाच वाजेपर्यंत. पुण्यातल्या दुकानदारांना उगाच नावं ठेवतात लोक.

वाद्यांच्या दुकानातल्या बाईला 'चिस्तू' कळेना. मी हवेत डावा हात नाचवला, उजव्यानं ढोल वाजवला. तिचा चेहरा उजळला, "आ! गाइता!"

"हे काय?" मी मानसीला म्हणालो. "काल गाडीत तूच सांगितलंस ना, गाइता म्हणजे कातड्याच्या पिशवीचं वाद्य?"

"ते गालिसियात, काका. तिथं पिशवीवालं. नावार्रात गाइता म्हणजे जवळजवळ आपली सनई. इथं हा पावा. आणि ब्राझीलच्या दक्षिणेला माझी एक मैत्रीण आहे, तिच्याकडं गाइता म्हणजे भात्याची पेटी."

मला ते चमत्कारिक वाटलं, मग वाटेनासं झालं. आमच्या शॉपमधले ऑपरेटर सुट्टीला निघाले की सगळे 'गावाकडं' जातात. एकाचं गाव लातूरकडं, एकाचं राजापूरजवळ, एकाचं तर आता धरणाखाली आहे. शब्द एक, जागा ज्याची त्याची. जे वाजवलं की आपली माणसं गोळा होतात त्याला त्या त्या लोकांनी गाइता म्हटलं असावं. हे माझं मत. शास्त्र मला माहीत नाही.

दुकानातले पावे मशीनवर केलेले होते. गुळगुळीत आणि एकसारखे. एकसारखा माल मी आयुष्यभर केला आहे, तो दादाला न्यायची इच्छा झाली नाही.

मिरांडा

दोन देशांच्या मधून दोरो नदी वाहते. दोन्ही बाजूंना खडकाचे उभे कडे, वर गिधाडं, खाली हिरवं, संथ पाणी. धरणाच्या भिंतीवरून गाडी पलीकडं गेली की पोर्तुगाल, आणि तिथंही नुसती पोर्तुगीज नव्हे, तर मोजक्या गावांत बोलली जाणारी मिरांडी भाषा. मानसीचं अर्धं स्पॅनिश अर्धं पोर्तुगीज मिळून काम चालत होतं. तिथलं नावाजलेलं जेवण बैलाच्या मांसाचं. मी ब्रेड, चीज आणि बॅगेतली शेंगदाण्याची चटणी खाल्ली. खाणावळीच्या मालकिणीनं चटणीचं बोट चाटलं, डोळे पुसले आणि अजून मागितली.

म्हातारा, अंतोनियो, दाराशी दगडी ओट्यावर सुरी घेऊन बसला होता. मी म्हणालो, एक फ्राइता हवा. त्यानं तयार पावे दाखवलेच नाहीत.

"वाजवणाऱ्याचा डावा हात केवढा आहे?"

"माझ्याएवढाच. आम्ही सख्खे भाऊ."

त्यानं माझा हात धरून ओट्यावर पसरला. सुरीच्या टोकानं लाकडावर माझ्या बोटांच्या खुणा केल्या. नंतर विचारलं, उजव्या हाताला काय झालं? इन्याकीनं फोन केला असावा.

"मशीनमध्ये गेला," मी म्हणालो.

मानसी भाषांतर करता करता थांबली. मराठीत म्हणाली, "कुणाच्या मशीनमध्ये, काका?"

"माझ्या."

तिनं ते त्याला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. म्हातारा सळई तापवत होता.

तापलेली सळई लाकडात शिरताना बारीक धूर येत होता, आणि मी तिथं बसून पहिल्यांदा ती गोष्ट स्वतःला नीट सांगितली. चाकणच्या एका कंपनीची ऑर्डर होती. भोसरीच्या एकाला पाडायचं म्हणून मी इतका कमी रेट दिला, की दोन्ही हातांनी बटणं दाबून तो माल निघूच शकत नव्हता. मी हे ऑर्डर घेतानाच जाणत होतो. मग आमच्या पट्ट्यात सगळीकडं होतं तेच झालं. ऑपरेटरनं एका बटणात लाकडी पाचर मारायची. एक हात मोकळा, तो पत्रा आत सरकवतो, दुसरा बटण दाबतो. नग दुप्पट. कुणी कुणाला सांगत नाही, कुणी कुणाला विचारत नाही. मालक त्या बाजूनं जाताना बटणांकडं बघत नाही.

त्या दिवशी मी बघितलं होतं. दादाच्या प्रेससमोर उभा राहिलो होतो. बटणात पाचर होती, त्याचा उजवा हात आत होता. मी पेटीतले ब्रॅकेट मोजले आणि पुढं गेलो. चहा यायच्या आत ओरडा आला.

अंतोनियोनं पावा पुसून माझ्या हातात दिला. भोकं बरोबर माझ्या बोटांखाली आली. त्यानं किंमत सांगितली. मी भाव न करता पाकीट काढलं. मानसीला वाटलं मला ऐकू आलं नाही, तिनं पुन्हा सांगितली.

गाव

परत आल्याच्या दुसऱ्या सकाळी गावी गेलो. चाकणच्या चौकात कंटेनर आणि कंपन्यांच्या बसेस एकमेकींत अडकल्या होत्या, बाजाराकडं जाणाऱ्या कांद्याच्या गाड्या त्यात उभ्या. नेहमी मी हॉर्नवर हात ठेवून असतो. त्या दिवशी उशीर झाला तर बरं, असं वाटत होतं.

दादा अंगणात खाटेवर बसून कांदे निवडत होता. मला बघून त्यानं पाय बाजूला घेतले, एवढंच. वहिनी दारात आल्या. "आलात व्हय परदेसातनं? बसा."

मी पावा फडक्यातून काढून त्याच्यासमोर ठेवला. बोलायला घेतलं आणि थांबता येईना. ही नावं, ती गावं, एका हाताचं वाद्य, ढोल कसा टांगायचा, काठी अंगठ्यात आणि करंगळीत कशी धरायची. चिस्तू, चिफ्लो, फ्लाबियोल, गाइता, फ्राइता.

दादाच्या ओठाचा कोपरा हलला. "आयला, तीनच भोकं, आनि नावं बारशाला जमल्यागत!"

तीन वर्षांनी तो माझ्याशी बोलला होता. वहिनी तोंडाला पदर लावून आत गेल्या.

त्यानं पावा डाव्या हातात घेतला. बोटं बसली. फुंकला. पहिला स्वर फाटला, दुसरा लागला. मग तिसरा, चौथा, आणि देवळातल्या सकाळच्या सनईची एक ओळ येते की काय, असं वाटायला लागलं. तेवढ्यात त्याचा उजवा हात उठला. दादा उठवत नव्हता, तो आपला आपण उठला, पाव्याच्या खालच्या भागावर आला, आणि अंगठा-करंगळीच्या मधली तीन थोटकं गुळगुळीत लाकडावर भोकं शोधायला लागली.

सूर तुटला. दादानं त्या हाताकडं पाहिलं.

"डाव्याला येईल रं," तो म्हणाला. "उजव्याला कोन समजावनार?"

त्यानं पावा खाटेवर ठेवला. मी भाव करणारा माणूस, अशा वेळी लगेच दुसरं काहीतरी पुढं करतो. शिकवणारा आणतो, हात बांधून सराव कर, असं काहीतरी. तोंड उघडलं आणि निघालं ते वेगळंच.

"दादा, पाचर मी बघितली होती. त्या दिवशी. बघून पुढं गेलो."

"मला ठाव हाय," तो म्हणाला. "तू बघितलंस ते मी बघितलं व्हतं."

"मग बोलला का नाहीस? तीन वर्षं! एक शब्द तरी टाकायचा. शिव्या द्यायच्या. गाव मला काय काय म्हणतं, आणि तू..." माझा आवाज चढला होता. शेजारच्या अंगणात कुणीतरी थांबून बघत होतं.

दादानं एक कांदा उचलला, डाव्या हातानं त्याची पात मोडली.

"तू बोलशील म्हनून," तो म्हणाला. "मी कशाला बोलू? मला म्हाईतच व्हतं. ते तुझ्या तोंडनं यायला हवं व्हतं."

"आता सांगितलं ना."

"व्हय. सांगितलंस."

मी वाट पाहिली. त्यानं निवडलेले कांदे पाटीत भरले, पाटी काखेत मारली आणि कांद्याच्या चाळीकडं गेला. परत आला नाही. वहिनींनी चहा आणला, एकच कप. त्या म्हणाल्या, ह्यांचा चहा कवाच झालाय, तुमी घ्या. मी घेतला. पावा मी उचलला नाही, कारण त्यानं 'घेऊन जा' म्हटलं नव्हतं. 'ठेव' असंही म्हटलं नव्हतं.